नाव घेणाऱ्या बाजी

अफसर बाजींच्या डब्याचं झाकण उघडलं की आधी श्रेय वाटलं जायचं, मग भाजी.

"वांगं विमलताईकडून शिकले. कूट घालायची अक्कल आमच्या खालाची. तिखट जास्त झालंय, ते माझं," असं सांगून त्या डबा टेबलाच्या मधोमध सरकवायच्या. विमलताई म्हणजे त्यांच्या नांदेडच्या घराच्या शेजारीण. स्टाफरूममधल्या कुणीही त्यांना पाहिलं नव्हतं, पण एकदा विमलताईंना ताप आलाय असं बाजी म्हणाल्या, तेव्हा आम्ही पुढचा आठवडाभर तब्येतीची चौकशी करत होतो.

विनोदाचंही तसंच. "हा जोक औशाच्या बसमधल्या कंडक्टरचा हाय," हे आधी सांगायच्या, मग जोक. लोक हसले नाहीत तर म्हणायच्या, "त्यानं लई चांगला सांगितला होता. मीच वाया घालवला." आमच्या कॉलेजचे एक जुने कारकून वारले तेव्हाच्या शोकसभेत बाजी बोलल्या. इतकं सुंदर बोलल्या की मागच्या बाकावरचे शिपाईसुद्धा डोळे पुसत होते. खाली बसता बसता त्या पुन्हा उठल्या आणि म्हणाल्या, "शेवटचं वाक्य माझं न्हाई. आमच्या भावाचं हाय, अब्बा गेले तेव्हा तो बोलला होता." सभेला रडावं की हसावं कळेना. प्राचार्यांनी घाईघाईने दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं.

त्या आमच्या लातूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला आल्या तेव्हा नव्या शतकाची सुरुवात होती आणि कॉलेजला नुकतेच कॉम्प्युटर मिळाले होते. मी मराठी शिकवत होते. बाजी म्हणजे थोरली बहीण, पण त्यांना बाजी म्हणायला वयाची अट नव्हती. निवृत्तीला आलेले प्राचार्यही "बाजी, जरा येता का" म्हणायचे. अंगाने ठेंगण्या, चालायच्या मात्र अशा की मागून येणाऱ्याला पळावं लागे. ओढणीच्या टोकाला लॅबची किल्ली बांधलेली. जुन्या ओढण्या कापून त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरना खोळी शिवल्या होत्या. कुठल्या कॉम्प्युटरवर कुठली फाइल आहे हे त्या नंबराने सांगत नसत. "जांभळ्या फुलावर बघ," म्हणायच्या.

वडील कातिब होते. उर्दू छपाईसाठी मजकूर सुरेख अक्षरात हाताने उतरवून द्यावा लागायचा, त्या काळातला तो धंदा. नांदेडच्या इतवाऱ्यातल्या घरात ओट्यावर बसून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं उतरवलं. "पण कुणाचं नाव गाळलं न्हाई," बाजी सांगायच्या. "अब्बा म्हणायचे, नक्कल करनेवाला चोर नई होता, नाम मिटानेवाला होता." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर कितीदा तरी म्हटलं असेल, पण "अब्बा म्हणायचे" हे दोन शब्द कधी सुटले नाहीत.

लॅबमध्ये विश्वकोशाची एक सीडी आली आणि पोरांचे प्रकल्प एकदम जाडजूड झाले. आधी चार पानं खरडायला रडणारी पोरं आता छापील पुडकं आणून टेबलावर आपटायची. आम्ही शिक्षकही खूश होतो, अक्षर लावत बसायला नको. बाजींनी "आपलं गाव" असा विषय दिला होता. रेणापूरचा गोविंद नावाचा अकरावीतला विद्यार्थी होता, वर्गात फारसा न बोलणारा. त्याच्या प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लाल कौलांची घरं होती आणि झाडांवर बर्फ.

"हे रेणापूर हाय?" बाजींनी विचारलं.

"न्हाई बाजी. हे दुसरंच गाव हाय. सीडीतलं."

"अन् आतला मजकूर?"

"तो बी सीडीतला."

"मग ह्याच्यात तुझं काय हाय, गोविंद?"

गोविंदने पानं उलटून पाहिली. खरोखर शोधलं त्याने. मग म्हणाला, "कागद माझा हाय बाजी."

लॅब हसून हसून आडवी झाली. बाजीही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हाव, कागद चांगला हाय," त्या म्हणाल्या. "कागदाचे मार्क देते तुला. बाकीच्या मार्कांसाठी तुझ्या गावातलं असं काहीतरी आण, जे ह्या सीडीत न्हाई." आणि स्वतःचा छोटा टेपरेकॉर्डर त्याच्या हातात दिला.

सोमवारी गोविंद परत आला तो विहिरीवरच्या डिझेल इंजिनचा आवाज घेऊन. टुक, टुक, टुकटुक, टुक. बाजींनी तो कॉम्प्युटरवर चढवला, ऐकला, परत ऐकला. मग मला वर्गातून बोलावून ऐकवला. मला इंजिनच ऐकू आलं. बाजींनी टेबलावर बोटांनी ताल धरला आणि अचानक मलाही ते ऐकू आलं. त्या इंजिनमध्ये कुठेतरी काहीतरी सैल होतं, आणि त्यामुळे दर चौथ्या ठोक्याला ते अडखळून उडी मारत होतं. पाय आपोआप हलावा असा ठेका होता तो.

स्टाफरूममध्ये यावर वाद झाला. फिजिक्सचे सर म्हणाले, "इंजिन कंपनीचं, डिझेल बापाचं. त्यात ह्या पोराचं काय? ह्याला कसले मार्क देता?"

"विहीर चुलत्याची हाय, ते राहिलं," बाजी म्हणाल्या. "सगळं दुसऱ्याचंच हाय सर. पण ते इंजिन इतकी वर्सं टुकटुक करून राहिलंय, त्यात गाणं हाय हे कुणाला ऐकू आलं? तो कान गोविंदचा. मार्क कानाला दिलेत."

नवं काहीतरी करणं म्हणजे काय, याच्या मोठमोठ्या व्याख्या मी वर्गात शिकवत आले. त्या दिवसानंतर त्या जरा कमी शिकवल्या.

आता ठेका होता, त्यावर गाणं हवं होतं. स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं. पोरांनी एका गाजलेल्या सिनेमातलं गाणं त्या इंजिनवर चढवलं आणि बाजींना ऐकवलं. गाणं संपल्यावर बाजींनी विचारलं,

"हे गाणं कुणाचं?"

"बाजी, सगळेच वापरतात की."

"म्हणजे कुणीच इचारलं न्हाई असं म्हण."

मग गोविंदला आठवलं, त्याच्या चुलतभावाच्या लग्नात उमरीच्या माणिक गोंधळ्याने हळदीच्या वेळी एक चाल म्हटली होती. ती या ठेक्यात चपखल बसत होती. मी म्हणाले, "मग घ्या की बिनधास्त. लोकगीत आहे ते. लोकगीताला कर्ता नसतो."

बाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मीही बर्फाचं झाड आणलंय. "कर्ता नसंल सुनंदा. गाणारा तर जिवंत हाय ना? बस नांदेडवरून जाते, रविवारी चल."

उमरीला माणिकदादा दारात बसून संबळाचं चामडं ताणत होते. पन्नाशीचे, वाळलेले, मिशा मात्र भरघोस. दोन बाया आणि एक पोरगा परवानगी मागायला लातूरहून आलेत, हे त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं.

"परवानगी?" ते म्हणाले. "मला आजवर कुणी जेवलास का बी इचारलं न्हाई बाजी. अन् ही चाल माझी कुठंय? मामाकडून घेतलीय."

"मामांचं नाव काय?"

"रामजी." एवढं बोलून माणिकदादांनी हातातलं चामडं खाली ठेवलं. "त्याचं नाव कुणी इचारून लई वर्सं झाली. गाणं समद्यांना याद हाय. मामा कुणालाच न्हाई."

मग त्यांनी घरात हाक मारून चहा सांगितला, संबळ गळ्यात अडकवला आणि ती चाल तर म्हटलीच, शिवाय मामाच्या आणखी चार चाली म्हटल्या. गल्ली गोळा झाली. त्यांची अट एकच होती: मामाचं नाव आधी, आपलं मागून. बाजींनी ती अटही टेपवर घेतली. परतीच्या बसमध्ये बाजी खिडकीला डोकं टेकून अशा हसत होत्या, जणू त्यांच्याच घरी कुणाचं तरी लग्न ठरलंय.

स्नेहसंमेलनात गाणं लागायच्या आधी त्याच सीडीतून बाजींचा आवाज आला. "चाल रामजीमामांची. गळा आणि संबळ उमरीच्या माणिक गोंधळींचा. इंजिन गोविंदच्या चुलत्याच्या विहिरीवरचं. कान गोविंदचा." मग इंजिन सुरू झालं, त्यात संबळ शिरला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या प्राचार्यांचा बूट हलायला लागला. नंतर काय झालं ते सांगायला नको. ते गाणं तीनदा वाजवावं लागलं. पाहुणे म्हणून आलेले साहेब भाषण विसरले.

इंजिनचं गाणं सीडीवरून सीडीवर गेलं. मग मोबाइल आले, मेमरी कार्डं आली आणि ते रेणापूरहून उदगीरला, तिथून देगलूरला, कुठल्या कुठे गेलं. वरातीत ते लागलं नाही तर नवरदेव घोड्यावरून उतरत नाही असं पोरं सांगायची. आम्हाला अभिमान वाटायचा. बाजी तर रस्त्यात कुठे ऐकू आलं की रिक्षा थांबवायला लावायच्या.

एका लग्नसराईच्या शेवटी माणिकदादा कॉलेजात आले. बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. बाजी धावतच गेल्या, मीही गेले.

"तुमी इचारलं, मी दिलं. त्याचं वाईट न्हाई," माणिकदादा म्हणाले. "पण आता लग्नात माझाच आवाज वाजतो अन् मी घरी बसून ऐकतो. गोंधळाची सुपारी येत न्हाई. परवा शेजारच्या गावात गेलो, तर पोरं मला म्हणली, बुवा, ते इंजिनचं गाणं येतंय का तुमाला?"

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. ते जरा हसून म्हणाले. त्या दिवशी बाजींनी डबा उघडलाच नाही.

गोविंद तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. तो म्हणाला, "बाजी, कॉपीच होणार न्हाई असं कुलूप टाकू गाण्याला." त्याने कुठूनसं तसलं काहीतरी मिळवून सीडीला टाकलंही. ते कुलूप आमच्याच वर्गातल्या पोरांनी दुपारपर्यंत फोडलं आणि कौतुकाने बाजींनाच आणून दाखवलं. बाजींनी त्यांना शाबासकी दिली. दुसरं काय करणार?

मग त्या मला घेऊन गंजगोलाईच्या बाजारात गेल्या. तिथे इरफान नावाचा एक मोबाइलवाला कार्डात गाणी भरून द्यायचा. निम्म्या लातूरच्या खिशातलं गाणं त्याच्या हातचं. बाजी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "इंजिनचं लाव बेटा." गाणं सुरू झालं ते एकदम इंजिनपासून. सुरुवातीची नावं गायब.

"नावं कुठं गेली?"

इरफान ओशाळला. "बाजी, गिऱ्हाईक थांबत न्हाई. आधी कुणीतरी बाई भाषण करून राहिलीय. म्हणून कापलं."

"ती बाई मीच."

इरफानने हातातली पिन खाली ठेवली. मला वाटलं आता बाजी त्याला झाडणार. दुकानातली गर्दी बघून त्या म्हणाल्या, "बरोबर केलंस. मला बी ते भाषण ऐकू वाटत न्हाई." आणि उठल्या.

यानंतर जे घडलं त्याचं श्रेय बाजी शेवटपर्यंत मला देत राहिल्या. मी फक्त माझा तास घेत होते. अभंग शिकवत होते, आणि शेवटच्या चरणात संतकवीचं नाव कसं येतं ते सांगत होते. बाजी कपाटाची किल्ली मागायला दारात आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या.

"नाव कशाला येतं गं शेवटी?" त्यांनी वर्गासमोरच विचारलं.

"म्हणजे रचना कुणाची ते कळावं. तोंडातोंडी फिरायची ना ती. वहीत कुठे लिहिलेलं असणार?"

"आमच्या गझलेत बी शेवटच्या शेरात नाव असतं," त्या म्हणाल्या. "अब्बा ती ओळ लई जपून लिवायचे." मग वर्गाचं भान न ठेवता त्या आत आल्या, माझ्या खुर्चीवर बसल्या. "ह्या लोकांना ठाऊक होतं बघ. बाहेर लावलेलं नाव गळून पडतं. गाण्याच्या पोटात घालायला पायजे. पण शेवटी न्हाई सुनंदा, शेवट इरफान कापंल. मधे. जिथं नाचणारा थांबूच शकत न्हाई तिथं."

रविवारी पुन्हा उमरी. माणिकदादांना सांगितल्यावर ते आधी लाजले. गोंधळात देवाचं नाव घ्यायचं, स्वतःचं कसं घ्यायचं? पण मामाचं घ्यायला त्यांची हरकत नव्हती, आणि मामाला एकटं कसं सोडायचं म्हणून शेवटी आपलंही घेतलं. अंगणात येरझाऱ्या घालत त्यांनी ओळ जुळवली:

*संबळ बोले, उमरीचा माणिक,*
*मामा रामजीचा हात गं माय.*

इंजिन जिथे अडखळून उडी मारतं, नेमकी तिथे त्यांनी ती ओळ टाकली. गोविंदने सगळं नव्याने जुळवलं. खरं सांगायचं तर हे गाणं पहिल्यापेक्षा कितीतरी पटीने चांगलं झालं. पहिल्यात माणिकदादा आपली कला दाखवत होते. ह्यात ते स्वतः होते.

बाजींनी ते स्वतः इरफानकडे नेलं. "हे जुन्याच्या जागी भर. जितकं वाटायचं तितकं वाट. फक्त मधली ओळ कापून दाखव मला."

इरफान हुशार होता. त्याने खरंच कापून पाहिलं. उडी गेली, ठेका लंगडला, दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकंच म्हणाली, "अरे काय करून राहिलास, मजाच गेली की." इरफानने ओळ परत जोडली आणि हसत हात जोडले. "बाजी, लई मोठा डाव टाकला."

"माझा न्हाई. हा सुनंदाचा," बाजी म्हणाल्या, आणि मला पुढे ढकललं. 

पुढच्या लग्नसराईत वरातीच्या वराती "उमरीचा माणिक" म्हणत नाचल्या. लहान पोरं शाळेत म्हणायला लागली. हा माणिक कोण, उमरी कुठे, असं लोक विचारायला लागले, आणि विचारत विचारत थेट त्यांच्या दारात पोचायला लागले. इस्लापूरपासून निलंग्यापर्यंत त्यांना बोलावणी आली. ज्या कॉपीने त्यांना घरी बसवलं होतं, तीच आता दारोदार त्यांची सुपारी फिरवत होती. एकदा बाजींनी त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, "बाजी, दम धरा, मी नंतर बोलतो, घाईत हाय." बाजींनी फोन ठेवला आणि सगळ्या स्टाफरूमला पेढे वाटले. "त्याला येळ न्हाई," एवढंच कारण सांगितलं.

यानंतर बऱ्याच वर्षांनी, बाजी निवृत्त होऊन नांदेडला गेल्यावर, एक प्रकार झाला. गोविंदने लातुरात स्वतःचा स्टुडिओ काढला होता. त्याने ते गाणं इंटरनेटवर टाकलं, तर त्यालाच नोटीस आली की हे गाणं दुसऱ्याच एका कंपनीच्या मालकीचं आहे, काढून टाका. कुणीतरी ते आपल्या संग्रहात घालून स्वतःचं म्हणून नोंदवलं होतं. गोविंद घाबरला, वकील शोधायला लागला. आधी बाजींना फोन केला. मी तेव्हा त्याच्या स्टुडिओत होते, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"लिव," बाजी म्हणाल्या. "ह्या गाण्याच्या मधोमध एक माणूस स्वतःचं, मामाचं आणि गावाचं नाव सांगतोय. तो तुमच्याकडे नोकरीला आहे का? असल्यास त्याची भेट घालून द्यावी, आम्हाला आनंद होईल."

गोविंदने तस्सं लिहून, सोबत माणिकदादांचा बोलतानाचा व्हिडिओ जोडून पाठवलं. काही दिवसांनी तो दावा मागे घेतला गेला. उत्तर काही आलं नाही. बाजींना त्याचीच हळहळ वाटली. "नोकरीला हाय का न्हाई, ते सांगायला पायजे होतं त्यांनी."

बाजी गेल्या त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी नांदेडला एका लग्नाला गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले तर घराला कडी. समोरून एक गोऱ्या, उंच बाई आल्या आणि म्हणाल्या, "अफसर मैदानावर गेलीय. या वयात काय खूळ घेतलंय बघा डोक्यात." मी विचारलं, "तुम्ही विमलताई का?" त्या चकित झाल्या. "मला कसं ओळखलंत?" मी म्हणाले, "तुमचं वांगं खाल्लंय मी. कित्येक वर्षं."

मैदानावर बाजी स्कूटर शिकत होत्या. त्यांची भाची मागून पळत होती. मला पाहून त्यांनी स्कूटर थांबवली, म्हणजे एका खांबाच्या आधाराने ती थांबली. घरी नेऊन जेवू घातलं, सगळ्यांची चौकशी केली आणि मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "बस स्टँडवर मीच सोडते." मी नको नको म्हणत असतानाच मला मागे बसवलं. भाचीने डोळे मिटून घेतले. आम्ही इतक्या सावकाश गेलो की एक सायकलवाला आमच्याशी गप्पा मारत बरोबरीने आला. चौकात वळायचं त्यांना अजून येत नव्हतं, म्हणून चौकाच्या अलीकडेच उतरून आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो.

लातूरची बस लागलेली होती. बाजींनी मला खिडकीची जागा बघून दिली, कंडक्टरला "आमच्या बहिणीला नीट ने" असं बजावलं, आणि माझी बस निघायच्या आत त्याच पळत्या चालीने परत गेल्या. बस चौकात आली तेव्हा त्या स्कूटरवरून रस्त्याच्या कडेने सरळ निघाल्या होत्या. ओढणी कमरेला खोचलेली, पाठ ताठ, नजर समोर. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही, हात हलवला नाही. हँडल सोडायचं त्या अजून शिकल्या नव्हत्या. पण हाक ओळखली, आणि हॉर्न दाबला. बस पुलाकडे वळेपर्यंत तो वाजतच होता.